इंदूकाकीचा शेला

इंदूकाकीच्या बाराव्याला शेणवे गावी तिच्या अंगणात जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती की बाई फार शांत होती. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ तर मान हलवत म्हणाले, "देवमाणूस हो." या गृहस्थांना काकीनं एकदा कात्री हातात घेऊन अंगणाच्या बाहेरपर्यंत पोचवलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा गुन्हा एवढाच की, ओटीवर पसरलेलं तिचं काम बघून ते म्हणाले होते, "मोकळ्या वेळात छान छंद लावून घेतलाय तुम्ही."

मी बाराव्याला काही बोललो नाही. मी मुरबाडच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. जिथं बोलायचं तिथं गप्प बसायचं आणि घरी येऊन पंख्याखाली चिडायचं, ही माझी जुनी पद्धत. त्याच पद्धतीनं आता हे लिहितो आहे.

काकी शांत नव्हती. ती रागीट होती. ती रागावलेली नाही असा एकच प्रसंग मला आठवतो, आणि त्यात ती झोपलेली होती. तिच्या त्या रागाला आता सगळ्यांनी मिळून साखरेत घोळवलेलं मला पाहवत नाही. त्या रागात माझाही हातभार होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

इंदूकाकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. मी कॉलेजात असताना काका गेले. मूलबाळ नव्हतं. काकीकडे पायानं चालवायची एक शिलाई मशीन होती. तिच्यावर ती गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायची, परकर शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची. ते पोटापुरतं. ते झालं की ती सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय स्क्रू फिरवून काढून ठेवायची, खालचे दात पाडायची आणि लाकडी रिंगेत कापड ताणून बसायची. मग खरं काम सुरू व्हायचं.

ज्यांनी मशीनवर कधी शिवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही हे तिनंच सांगितलं होतं, तेही डाफरत. मशीनच्या सुईखाली बारीक दात असतात. ते कापड पकडून पुढं सरकवतात, म्हणून शिलाई सरळ येते. दात खाली पाडले की कापड मोकळं होतं. सुई नुसती वरखाली होत राहते, आणि कापड कुठं न्यायचं ते आपल्या दोन हातांनी ठरवायचं. पेन्सिल एका जागी धरून खालचा कागद फिरवत चित्र काढावं, तसं. "दात असले की मशीन आपल्याला नेते," काकी म्हणायची. "दात पाडले की आपण मशीनला न्यायचं. तुज्यासारख्याला जमायचं नाय, पक्या. तुला कुणीतरी सरळ नेणारा लागतो."

आधी ती क्रोशाच्या सुईनं जाळी विणायची. साखळी, खांब, मुका खांब, असं तोंडातल्या तोंडात मोजत. त्यातून सागाचं पान व्हायचं, चिंबोरीची नांगी व्हायची, भाताची लोंबी व्हायची. विणलेला तुकडा तांदळाच्या पेजेत बुडवून गोधडीवर टाचण्या लावून वाळत घालायचा, म्हणजे ताठ राहतो. मग असे तुकडे पातळ कापडावर मांडून, त्या मोकळ्या सुईनं त्यांच्या कडेनं, मधून, वरून रेघा मारत जायच्या. शेतांचे बांध, पाण्याच्या वाटा, तिच्या दारातून दिसणारे माहुलीचे सुळके. कागदावर कधी काही काढलं नाही तिनं. शेवटी जाळीच्या मागचं कापड बारीक कात्रीनं कापून टाकायचं. एक कात्री चुकली की महिन्याची जाळी गेली. त्या वेळी ओटीवर कुणी शिंकलं तरी त्याला शिव्या बसत.

या सगळ्यात तिची एकच अट होती. जे केलं ते अंगावर गेलं पाहिजे. तिनं आयुष्यात कधी टेबलक्लॉथ केला नाही, टीव्हीवर टाकायचा रुमाल केला नाही, तोरण केलं नाही. "भिंतीला थंडी वाजते काय?" असं ती विचारायची.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिनं मला एक सदरा शिवला होता. पाठीवर ही मोठी चिंबोरी. जाळीचे आठ पाय, आणि नांग्या थेट खांद्यावरून पुढं आलेल्या, मला धरून ठेवल्यासारख्या. आज तो सदरा कुठं मिळाला तर मी ऑफिसला घालून जाईन. तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धसईच्या बाजारात तिच्याबरोबर गेलो तेव्हा मी सदरा उलटा करून घातला. वाटलं, कळणार नाही. ती वांगी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "उलटा घातलास तरी चालंल. आतली बाजूपन मीच शिवलीय." आणि वांगीवाल्या बाईला म्हणाली, "बघा, आमच्या पक्याची लाज आतून कशी दिसते ती." ती बाई इतकी हसली की तिनं मला एक वांगं फुकट दिलं. मी ते घरापर्यंत हातात धरून आणलं.

पुढं कल्याणच्या एका बाईंनी मुरबाडला हॉल घेऊन हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. काकीचं एक बिनबाह्यांचं जाकीट त्यांनी मागून नेलं. आम्ही बघायला गेलो तर जाकीट तारेवर टांगलेलं, वरून दिवा सोडलेला, आणि खाली पाटी: हात लावू नये. मला फार अभिमान वाटला. मी फोटो काढायला मोबाइल काढेपर्यंत काकीनं पाटी उपटून माझ्या हातात दिली होती. हॉलच्या दाराशी काकड्या विकणारी एक बाई उन्हापासून आत येऊन उभी होती. काकीनं जाकीट तारेवरून काढलं आणि तिला म्हणाली, "ये गो, हात वर कर." प्रदर्शनवाल्या बाई धावत आल्या.

"अहो काकू, काय करताय? खराब होईल ते."

"खराब व्हायलाच केलंय. अंगावर घातलं की घाम लागतो, फाटतं, मग परत शिवायचं. तुमी काय माज्या कामाला फाशी देऊन ठेवलंय."

काकडीवाली ते जाकीट घालून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आली. तिला ते फार शोभत होतं. तीच दोन-तीनदा मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न करत होती. त्या दिवशी मी शहाण्यासारखा म्हणालो होतो, "काकी, कळलं मला." ती म्हणाली होती, "तुला काय कळलं ते तुज्या पोरीच्या लग्नात बघू."

ती हे उगीच बोलली असेल. पण तसंच झालं.

माझी मुलगी तनुजा, आम्ही तिला तनू म्हणतो, कल्याणला एका लॅबमध्ये कामाला आहे. तिचं लग्न ठरलं आणि काकीनं ब्लाउज शिवायला घेणं बंद केलं. वर्षभर ती एकाच कामाला बसली. लग्नाच्या महिनाभर आधी मुरबाडला आमच्या घरी आली, पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तनूच्या खांद्यावर टाकलं. शेला होता. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याचं काम. सगळी शेतं होती त्यात, एकाखाली एक उतरत गेलेली, जाळीच्या लोंब्या वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या. दोऱ्याच्या रेघा इतक्या दाट की बोट फिरवलं तर बांध हाताला लागत होते. तनू आरशासमोर जाऊन तशीच उभी राहिली.

"हळदीला घालायचा हा," काकी म्हणाली. "पाटावर बसशील तेव्हा. मी काय त्या टायमाला तुज्याजवळ येनार नाय. हा राहील."

आमच्याकडे नवरीला पहिली हळद पाच सवाष्णी लावतात. विधवेनं हात लावायचा नाही. कुणी हे सांगत नाही, कुठं लिहिलेलं नाही. त्या वेळेला त्या बाईला आपोआप चहा करायला जायचं सुचतं, इतकंच. काका गेल्यापासून घरात जेवढ्या हळदी झाल्या तेवढ्यांत काकीला चहा करायला जायचं सुचलं होतं. मी ते बघत आलो होतो. चहा पीत बघत आलो होतो.

काकी परत गेल्यावर माझी आई, म्हणजे काकीची मोठी जाऊ आणि अजून सवाष्ण, शेल्याची घडी घालत म्हणाली, "लई नाजूक काम आहे हो. हळदीत वाया जाईल."

माझी बायको वैशाली म्हणाली, "डाग निघत नाहीत हळदीचे."

"डागाचं एक झालं," आई म्हणाली. मग थांबली. "पन पयलंच वस्त्र पोरीच्या अंगावर, आणि ते इंदीच्या हातचं. सासरची मानसं येनार. बोलतील कुनीतरी."

आई वाईट नाही. वैशालीही नाही. मी तर मुळीच नाही, मी पुरोगामी माणूस आहे, रविवारची पुरवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे आईला "हे चूक आहे" असं सांगायच्या ऐवजी मी मधला मार्ग काढला. वीस वर्षं शाळेत मी हेच करतो. पालक आणि मुख्याध्यापक भांडले की दोघांनाही आवडेल असं पत्र लिहायचं. मी म्हणालो, शेला फ्रेम करू. काचेत घालू. मांडवातून आत येताना समोरच्या भिंतीवर लावू, खाली काकीचं नाव. सगळ्या पाहुण्यांना दिसेल, जपलाही जाईल, आणि काकीचा सन्मानही होईल. आईला ते पटलं. वैशालीला पटलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तनूला विचारलंच नाही. ती सकाळच्या गाडीनं कामाला जायची, संध्याकाळी दमून यायची. म्हटलं, तिला सरप्राइज.

बाजारातल्या फ्रेमवाल्यानं चार दिवसांत काम करून दिलं. दारासारखी मोठी फ्रेम, सोनेरी पट्टी, पितळी नावपट्टी. कापडाला कुठं सुरकुती नव्हती. मी त्याला शाबासकी दिली. एवढं कापड इतकं सपाट कसं राहिलं, हे मी त्याला विचारलं नाही.

हळदीला आठ दिवस असताना काकी मदतीला आली. चप्पल काढली, आत आली आणि समोर बघितलं. भिंतीवर आधीपासून आजोबांचा फोटो होता, काकांचा होता, दोघांना चंदनाचे हार. त्यांच्या शेजारी मी तिचा शेला लावला होता. जागा तीच मोकळी होती.

मी कौतुकाच्या तयारीत उभा होतो.

"पक्या," ती म्हणाली, "मी कवा मेले?"

"अगं काकी, सन्मान म्हणून..."

"खाली काढ."

मी हललो नाही म्हणून तिनं स्वतः स्टूल ओढलं. तेव्हा मात्र मी धावलो. फ्रेम जमिनीवर पालथी घातली. तिनं पिशवीतून कात्री काढली, मागचा कागद फाडला, खिळे उचकटले, प्लायवूड काचेपासून वेगळं केलं आणि शेल्याचं टोक धरून उचलायला गेली. शेला आला नाही. फ्रेमवाल्यानं सुतार वापरतात तो पांढरा डिंक फासून अख्खा शेला प्लायवूडला चिकटवला होता.

काकीचा राग मी जन्मभर पाहिला होता. पण तो सगळा आवाजाचा राग होता. या वेळी आवाज नव्हता. ती फरशीवर बसून राहिली. बोटांनी एकेक बांध चाचपत गेली, कुठं सुटतंय का बघत. मग आईकडे वळली.

"अक्का, सरळ सांगायचं ना. रांडेचा हात नको म्हनून. मी काय हळद लावायला मागितली कवा? तीस वर्सं चुलीपाशी जाऊन बसते ना गुमान? म्हनून तर हे केलं. हात नको, तर हातचं तरी जाऊ दे पोरीजवळ. तुमी तेबी काचेत घातलं. वर माजं नाव लिवलं."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी म्हणालो, "काकी, अगं माझा हेतू चांगला..."

"तू बोलू नको. तुज्या आईला निदान काय पायजे ते ठाऊक हाय. तुला सगळ्यांनी चांगलं म्हनायला पायजे."

इतकं नेमकं माझ्याबद्दल कुणी बोललेलं नाही. माझ्या गोपनीय अहवालातही नाही.

संध्याकाळी तनू आली. तिनं फरशीवर पसरलेलं सगळं बघितलं. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ती मला फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, हळद मला लागणार होती ना? मला विचारलंत?" आणि काकीजवळ बसली. "आजी, मी हाच घालणार. फाटका असला तरी."

"फाटका कशाला घालशील?" काकी खेकसली. "ऊठ, पानी गरम कर."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो करून शेणव्याहून मशीन आणली. आमच्या पडवीत ती बसवली. पुढचे सात दिवस घरात लग्न चाललं होतं आणि पडवीत काकी. कोमट पाण्यात भिजवलेली फडकी शेल्यावर ठेवायची, डिंक मऊ झाला की नखानं नखानं सोडवायचं. पेजेचा सगळा ताठपणा पाण्यात गेला, लोंब्या लोळागोळा झाल्या. जाळीत प्लायवूडचे बारीक तुसे अडकले होते, ते चिमट्यानं काढायचं काम माझ्याकडे आलं. मला ते काम कुणी दिलं नाही. काकी माझ्याशी बोलतच नव्हती. ती तनूला सांगायची, "तुज्या बापाला सांग, हात धुवून बस म्हनावं. शाईची बोटं नको." मी समोरच बसलेला असायचो. आमंत्रणं वाटायची राहिली होती, मांडववाला फोन करत होता, आणि मुलीचा बाप चष्मा नाकावर घेऊन तुसे वेचत होता.

मध्यभागी ओंजळीएवढा भाग काही केल्या सुटला नाही. तो लाकडालाच राहिला. शेल्याला तिथं भोक पडलं. विणायला वेळ नव्हता. काकीनं मिठाईच्या खोक्यांतला पातळ कागद भोकाखाली धरला, मशीनचे दात पाडले आणि नुसत्या दोऱ्यानं त्या भोकावर शिवत सुटली. एका काठावरून दुसऱ्या काठावर, परत, आडवं, तिरकं, गोल. कापड नाही, काही नाही, दोऱ्यावर दोरा. मशीनचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात होता. शेवटी तिनं कागद खालून फाडून काढला तर मागं नुसती जाळी उरली होती. आधीच्या शेतांसारखी ती नव्हती. तिथं बांध नव्हते, लोंब्या नव्हत्या. वेड्यावाकड्या रेघांचा गुंता होता, आणि तो घट्ट होता. वैशाली म्हणाली, "काकी, हे बाकीच्यासारखं नाही दिसत."

"नाय दिसत," काकी म्हणाली. "ते रागानं केलंय. दिसू दे."

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला. सासरकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती. तनू पाटावर बसली, साधी पिवळी साडी, बिनबाह्यांचा ब्लाउज आणि खांद्यावरून तो शेला. बायका वाकून वाकून बघत होत्या, मोबाइल निघत होते. आईनं हळदीचं ताट पुढं केलं. पाच सवाष्णी एकामागून एक आल्या. त्यांनी गालाला लावली, हाताला लावली, पायाला लावली. पण सगळ्या जणी शेल्याला चुकवून, दोन बोटांनी, अंग चोरून. जणू अजून वर काच आहे. पाचवी झाल्यावर वैशालीनं हळूच म्हटलं, "तनू, आता काढून ठेवू का गं शेला? आता सगळे लावतील. डाग पडतील."

मी मांडवात होतो. माझ्या ओठांवर "राहू दे" हे शब्द आले होते, हे मी शपथेवर सांगतो. मी ते बोललो नाही हेही तितकंच खरं.

काकी चुलीपाशी नव्हती. ती कधी मांडवात आली ते कुणी बघितलं नाही. बायकांच्या मधून वाट काढत ती सरळ पाटापाशी गेली, आईच्या हातातल्या ताटात तिनं अख्खा पंजा घातला, मूठभर ओली हळद उचलली आणि तनूच्या खांद्यावर, शेल्यावर, दाबून धरली. नुसती लावली नाही. हात तिथंच ठेवला. बोटांच्या फटींतून हळद जाळीत उतरली, जाळीतून खाली तनूच्या कातडीला लागली. तनूनं डोळे मिटून घेतले.

"इंदे," आई म्हणाली.

"तुज्या नातीला नाय लावली, अक्का," काकी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माज्या कापडाला लावली. माज्या कापडाला काय लावायचं ते मी बघीन."

सासरकडची एक म्हातारी पुढं झाली, तिनं काकीकडे बघितलं, शेल्याकडे बघितलं आणि आपला हळदीचा हात शेल्याच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला. मग दुसरी आली. मग मुली आल्या आणि गोंधळ सुरू झाला. दहा मिनिटांत शेल्यावर पांढरं शोधावं लागत होतं.

काकी ते बघायला थांबली नाही. ती माझ्याकडे आली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"टेम्पो बोलव. मशीन न्यायचीय."

"आत्ता? काकी, जेवून जा. उद्या लग्न आहे. तू नसलीस तर..."

"बुधवारी बायांना ब्लाउज द्यायचेत."

मी आणि मांडवातल्या दोघांनी मिळून मशीन टेम्पोत चढवली. ड्रायव्हर पुढं बसायला सांगत होता, तिनं ऐकलं नाही. मागं मशीनला टेकून बसली. तिनं हात धुतला नव्हता. मनगटापर्यंत पिवळा झालेला पंजा तिनं मशीनच्या चाकावर ठेवला, चाक रस्त्यात फिरू नये म्हणून. मी म्हणालो, "काकी, चुकलं माझं." ती माझ्याकडे बघत होती, आणि कपाळावरची आठी जशीच्या तशी होती. टेम्पो सुरू झाला, वळणावर पोचला, तरी ती तशीच बघत राहिली. मी हात केला. तिनं चाकावरचा हात काही उचलला नाही.